गोपाळला कुणी विचारलं होतं का?

भाचीला इंग्रजी सुधारायचंय म्हणून तिला सोप्या इंग्रजीतल्या गोष्टींची पुस्तकं आणून दिलीयेत, ती पातळ पातळ असतात ना, मोठा टाईप, अवघड शब्द जाड ठशात आणि मागे प्रश्न. परवा ती त्यातली एक मोठ्याने वाचत होती. एक तरुण राजपुत्र, गादी आपल्याकडे येईल असं त्याच्या स्वप्नातही नाही, आपल्या पुस्तकांत आणि घोड्यांत खूश, आणि एका सकाळी दूत येऊन सांगतो की तुमचे मोठे बंधू गेले, आता तुम्हीच राजे. सगळी वाक्यं चार-पाच शब्दांची. राजपुत्र रडला. राजपुत्राने मुकुट घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या भराभर की रडू आणि टाळ्या यांच्यात श्वास घ्यायलाही जागा नाही. खाली प्रश्न, राजपुत्राला कसं वाटलं, योग्य पर्याय निवडा: आनंद, दुःख, भीती. पोरीने पेन्सिल चावत बराच वेळ काढला आणि म्हणाली, मावशी, पण त्याला आधी कुणी विचारलं का, की बाबा तुला व्हायचंय का राजा? मी म्हटलं अगं राजाला असं कुणी विचारत नसतं, तू पुढचा प्रश्न घे. तिने घेतला पण. माझ्याच डोक्यातून जाईना.

कारण मला एकदम कवळाण्याचा गोपाळ आठवला, म्हणजे पुढे बडोद्याचे महाराज झाले ते सयाजीराव गायकवाड.

आपल्यातल्या बहुतेकांनी ती गोष्ट लहानपणी ऐकलेली असते. मालेगावजवळचं कवळाणे, गायकवाडांचीच पण लांबची, शेती करणारी शाखा, आणि बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंना दत्तक घ्यायला मुलगा हवाय म्हणून गोपाळचे वडील काशीराव घरातल्या पोरांना घेऊन बडोद्याला जातात. पोरांना विचारलं जातं, इथे कशाला आलात? बाकीचे काहीबाही सांगतात, बारा वर्षांचा गोपाळ म्हणतो, मी राजा व्हायला आलोय. झालं, निवड पक्की. आमच्याकडे ही गोष्ट स्मार्टनेसचं उदाहरण म्हणून सांगायचे, बघ कसं चटकन उत्तर दिलं, नाहीतर तू, पाहुण्यांनी नाव विचारलं तरी आईच्या मागे लपतेस. त्यामुळे मला त्या गोपाळचा बरीच वर्षं रागच होता. आता मोठेपणी मला ते उत्तर फारसं पटत नाही. कुणीतरी घरातल्याने वाटेत दहादा घोकून घेतलेलं वाटतं ते, आणि तसं असेल तर ते त्या पोराचं राजा म्हणून पहिलं पाठांतर झालं. किंवा ते खरंच त्याच्याच मनातलं असेल, तर मग मला जरा धाकच वाटतो त्या मुलाचा. दोन्हीपैकी कुठलंही असो, एक गोष्ट मात्र खरी, त्याला ‘कशाला आलास’ असं विचारलं, ‘तुला यायचं होतं का’ असं नाही.

आणि तो तिथवर पोचला ते कशामुळे, हे बघायला गेलं की डोकं गरगरतं. १८७० मध्ये खंडेराव महाराज वारले तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या. म्हणजे अख्खं संस्थान एका बाईच्या पोटाकडे बघत बसलेलं. मुलगा झाला तर तो राजा, नाहीतर खंडेरावांचा भाऊ मल्हारराव, ज्याला खंडेरावांनीच कटाच्या संशयावरून बडोद्याजवळच्या पाद्रा गावी कैदेत टाकलं होतं. कैदेतून थेट गादी, त्याचीही एक वेगळीच गोष्ट होईल. १८७१ च्या जुलैमध्ये बाळ जन्मलं, मुलगी, ताराबाई. तिच्या जागी मुलगा असता तर कवळाण्याचा गोपाळ आयुष्यभर औतामागे चालला असता आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं. मुलगी झाली म्हणून मल्हारराव पक्का झाला, आणि मल्हाररावाचा कारभार इतका बिघडला की रेसिडेंटचं, म्हणजे बडोद्यातल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीचं, कर्नल फेयरचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि मग १८७४ च्या नोव्हेंबरमध्ये ती सरबताची भानगड. फेयरसाहेब रोज सकाळी फिरून आले की पपनसाचं सरबत घ्यायचे. त्या दिवशी दोन-चार घोट घेतले, चव विचित्र लागली म्हणून बाकीचं फेकलं आणि मग ग्लासाच्या तळाशी गाळ दिसला. सोमल, म्हणजे आर्सेनिक, आणि हिऱ्याची पूड, असा तपासाचा निष्कर्ष. विषातसुद्धा हिरा, बडोद्याला शोभेलसंच म्हणायचं. चौकशी कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद, त्यात जयपूर आणि ग्वाल्हेरचे महाराज आणि सर दिनकरराव, आणि मत फुटलं बरोब्बर मधोमध, इंग्रजांना दोषी वाटला, हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झालेला वाटला नाही. सरकारने शेवटी गैरकारभाराचं कारण पुढे करून १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हाररावाला काढलं आणि मद्रासला पाठवून दिलं. तिकडेच वारला तो, १८८२ मध्ये. आणि जमनाबाईंना परवानगी मिळाली, मुलगा निवडा.

एका ग्लासाच्या तळाचा गाळ, आणि इकडे कवळाण्यात एका पोराच्या नशिबाला कलाटणी.

आता दत्तकविधान. २७ मे १८७५. त्यात मुख्य काय असतं तर देणं आणि घेणं, जन्मदात्यांनी मुलगा हाताने द्यायचा आणि नव्या आईने घ्यायचा, ते झाल्याशिवाय दत्तक लागत नाही. मुलाने काही बोलायचं असं त्या विधीत नसतं. त्या दिवशी गोपाळराव काशीराव गायकवाड संपला आणि सयाजीराव खंडेराव गायकवाड सुरू झाला. काशीराव जिवंत आहेत, आणि मुलाच्या नावापुढे लागतोय तो पाच वर्षांपूर्वी वारलेला माणूस, ज्याला त्याने कधी बघितलेलंही नाही, आणि यापुढे श्राद्ध मात्र त्याचं घालायचं. नवी आई विशी-बाविशीतली विधवा, म्हणजे आजच्या हिशेबाने कॉलेज नुकतं संपलेली पोरगी. तिच्याबद्दलही मला वाईट वाटतं, सासरच्या घरातच जिवाला धोका म्हणून घाबरत दिवस काढलेली बाई ती. पण सगळ्यात जास्त विचार येतो तो उमाबाईंचा, जन्म दिलेल्या आईचा. चरित्रांत ती एका वाक्यापुरती येते, अमुकची बायको, तमुकची आई, पुढचा परिच्छेद बडोद्यात. मुलगा राजा झाला म्हणून गावाने तिचं कौतुक केलं असणार, नशीब काढलंस म्हणाले असणार. त्यावर ती हसली असेल, दुसरं काय करणार. घरात मात्र कुणी हाक मारताना चुकून गोपाळ म्हणालं की काय होत असेल, हे मी नुसती कल्पना करते आणि थांबते.

१६ जूनला गादीवर बसवलं. आणि त्याच नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज, पुढे जो सातवा एडवर्ड झाला तो, हिंदुस्थानात आला, त्याच्या भेटीला हा बारा वर्षांचा पोरगा दागिन्यांनी मढवून उभा. बडोद्याचे दागिने म्हणजे काय सांगायचं, खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा करवून घेतलेला, ‘स्टार ऑफ द साउथ’सारखा हिरा विकत घेतलेला. वर्षभरापूर्वी ज्याच्या अंगावर फार तर चांदीचा करगोटा असेल त्याच्या मानेवर ते सगळं ओझं. पाच महिन्यांत तो उभं राहणं शिकला, बसणं शिकला, कुठल्या पाहुण्यासाठी किती पावलं पुढे यायचं ते शिकला. आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात त्याला इंग्रज सरकारचा खास लाडका पुत्र अशी फारसी पदवी बहाल झाली. म्हणजे आता तो आणखी एका घरात दत्तक. मला हे वाचलं तेव्हा हसूच आलं, आणि मग हसण्यासारखं काही नाहीये हेही कळलं.

पण खरी गोष्ट शाळेची आहे, आणि ती आपल्याकडे दोन ओळींत उरकतात. बडोद्यात आला तेव्हा त्याला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हतं. बारा वर्षं म्हणजे अक्षरओळख करायला उशीरच, त्या वयात पोरांना आपल्याला येत नाही याची लाज वाटायला लागलेली असते. त्याच्यासाठी इलियट नावाचा इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला इंग्रज शिक्षक नेमला, आणि एकदम चार भाषा सुरू, मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी. जरा डोळ्यांसमोर आणा. मराठीत अक्षरांच्या डोक्यावर रेघ मारायची, गुजरातीत तीच अक्षरं पण डोकं बोडकं ठेवायचं, उर्दू उजवीकडून डावीकडे, आणि इंग्रजीत जे लिहिलंय ते उच्चारायचं नाही आणि जे उच्चारायचंय ते लिहिलेलं नसतं. सकाळी तालीम, कुस्ती, घोडा, अंगाला माती, आणि मग दिवसभर हे. लोक मुजरा करतायत, आणि आत खोलीत तोच राजा स्पेलिंगला अडतोय. भाची ‘व्हाय’मध्ये एच कशाला आहे म्हणून माझ्याशी भांडते, तिला निदान भांडता येतं. राजाने कुणाशी भांडायचं? मला वाटतं या काळात त्याचं राज्य करणं म्हणजे गृहपाठ करणं, दुसरं काही नाही, कारण कारभार बघायला दिवाण टी. माधवराव होते आणि वरून बघायला इंग्रज होतेच. सहा वर्षं तो नावाचा राजा आणि कामाने विद्यार्थी.

माधवरावांनी तर शेवटी कमालच केली. मुलगा अठरा वर्षांचा होत आला, आता अधिकार हातात द्यायचे, तर त्याआधी त्याला बसवून इंग्रजीत व्याख्यानं दिली, राज्य कसं करायचं यावर. १८८१ मध्ये ती छापलीसुद्धा. राजवाड्याचा खर्च किती असावा, नोकरमाणसांशी कसं वागावं, न्यायाच्या कामात लुडबुड का करू नये, रेसिडेंटशी बोलताना काय सांभाळावं. उपदेश सगळा व्यवहारी, कोरडा, सरळ. तत्त्वज्ञान वगैरे कमी आणि ‘असं केलंस तर असं होईल’ जास्त. मल्हाररावाचं भूत खोलीत उभंच असणार, प्रत्येक वाक्याच्या मागे. मला ही कल्पना फार आवडते की एक म्हातारा तंजावरी दिवाण एका मराठी शेतकऱ्याच्या पोराला, दोघांच्याही मातृभाषेत न बोलता, परक्या भाषेत राजा व्हायला शिकवतोय. हां, माधवरावांची मातृभाषा मराठीच होती हो, तंजावरकडची. तरी व्याख्यानं इंग्रजीत. आता तो मुलगा त्यातलं ऐकत किती होता देव जाणे, अठराव्या वर्षी आपण कुणाचं ऐकतो. पण पुढचं आयुष्य बघितलं तर बरंच ऐकलेलं दिसतं. २८ डिसेंबर १८८१ ला पूर्ण अधिकार मिळाले, आणि पंधराएक वर्षांनी हाच माणूस गिबनचा तो रोमन साम्राज्याचा अवाढव्य इतिहास वाचून त्यावर इंग्रजीत स्वतःची टिपणं छापतोय.

इथे थांबलं तर गोष्ट छान होते. शेतकऱ्याचं पोर, चार भाषा, आदर्श राजा, टाळ्या. पण मला दरवेळी कोल्हापूर आठवतं आणि घास अडकतो.

कोल्हापूरचे राजाराम महाराज, तेही दत्तकच आलेले, इंग्लंडला गेले, तिकडे इंग्रजीत रोजनिशी लिहिली, आणि परत येताना १८७० च्या नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्सला वारले, अवघे विशीत. आर्नो नदीच्या काठी दहन केलं, तिथे त्यांचा पुतळा आहे, फेटा बांधलेला, आणि वर छत्री. त्यांच्या मागे पुन्हा मुलगा शोधणं आलं, आणि १८७१ मध्ये नारायणराव नावाचा मुलगा दत्तक घेऊन शिवाजी महाराज म्हणून गादीवर बसवला. हा मुलगा जन्मला १८६३ मध्ये. गोपाळ पण १८६३ चाच! एकाच वर्षाची दोन पोरं, दोघांची नावं बदलली, दोघांना इंग्रज देखरेखीखाली वाढवलं, दोघांना कुणी विचारलं नाही. एकाचे सयाजीराव झाले. दुसऱ्याला वेडा ठरवलं. तो खरंच वेडा होता की त्याला तसा केला यावर तेव्हा महाराष्ट्रात रान पेटलं होतं, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर जे छापलं त्यापायी टिळक-आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले, ते सगळ्यांना माहीत असतं, शाळेत धडाच असतो. पण धड्यात नाव टिळक-आगरकरांचं. ज्याच्यासाठी ते आत गेले तो मुलगा १८८३ च्या नाताळात नगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत गेला, आणि त्याचं वय विचारलं तर कुणाला पटकन सांगता येत नाही. वीस. त्याच वेळी बडोद्यात दुसरा विशीतला मुलगा फायली वाचत बसलेला. मेहनत, हुशारी, चांगला शिक्षक, सगळं मान्य. तरीही या दोघांमधला फरक नुसता हुशारीचा होता असं कुणी म्हणालं तर मी वाद घालीन. आणि एक सांगायचं तर सयाजीरावांनाही ते सगळं फुकट पचलं नाही, ऐन पंचविशीच्या आत झोप उडाली, प्रकृती ढासळली, १८८७ ला युरोपला गेले ते मुळात तब्येतीसाठी.

पुढचा जो प्रसंग आहे, १९११ चा दिल्ली दरबार, तो बहुतेक जण देशभक्तीचा म्हणून सांगतात. १२ डिसेंबर, सम्राट पंचम जॉर्ज आणि राणी मेरी सिंहासनावर, एकेक संस्थानिक येतो, लवून मुजरा करतो, पाठ न दाखवता मागे मागे जातो. सयाजीराव आले, अंगावर दागिने फारसे नाहीत, एकदा मान लववली आणि पाठ फिरवून चालते झाले. केवढा गहजब झाला, लंडनच्या पेपरांत बोंबाबोंब, शेवटी माफीचं पत्र द्यावं लागलं. मुद्दाम केलं की गोंधळले, यावर अजून वाद चालतात आणि मला त्यात पडायचं नाही. मला गंमत वाटते ती समोरच्या माणसाची. पंचम जॉर्ज हासुद्धा ठरलेला राजा नव्हताच! तो धाकटा मुलगा. त्याला बाराव्या वर्षी आरमारात घातलेलं, जहाजावर वाढलेला, तेच आयुष्य धरून चाललेला. १८९२ च्या जानेवारीत थोरला भाऊ आल्बर्ट व्हिक्टर आजारपणात गेला आणि गादीची रांग एकदम याच्यावर येऊन थांबली. नुसती गादीच नाही, भावाचं लग्न जिच्याशी ठरलं होतं ती मेरीसुद्धा, पुढच्या वर्षी तिच्याशी याचं लग्न लागलं. म्हणजे त्या मांडवात सिंहासनावर बसलेला, त्याच्या शेजारी बसलेली आणि समोरून पाठ फिरवून गेलेला, तिघंही दुसऱ्याच्या जागेवर आलेली माणसं. एक बाराव्या वर्षी जहाजावर पाठवलेला आणि एक बाराव्या वर्षी राजवाड्यात. आता माझ्या भाचीच्या पुस्तकातला तो आनंद, दुःख, भीतीवाला प्रश्न या तिघांना टाकला असता तर कुणी काय टिक केलं असतं?

आणि राजवाड्यातच जन्मलेल्यांचं काय झालं, तर सयाजीरावांचा थोरला फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेला, नंतर शिवाजीराव, नंतर जयसिंगराव. बाप बघत राहिला. ऑक्सफर्ड, हार्वर्ड, सगळं दिलं होतं पोरांना. १९३९ मध्ये सयाजीराव वारले तेव्हा गादी नातवाकडे गेली. त्यांचा बडोद्यातला महाल, लक्ष्मीविलास, आजही लोक तिकीट काढून बघतात आणि बाहेर येऊन म्हणतात काय नशीब असतं एकेकाचं.

मला विचाराल तर राजेपणातून त्या मुलाला मनापासून मिळालेली गोष्ट एकच, शाळा. आणि तीही सक्तीची. तिथे त्याला टाळता येत नव्हतं, पळून जायला कवळाणे उरलेलं नव्हतं. म्हणूनच की काय, हातात सत्ता आल्यावर त्याने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, आणि १९०६ मध्ये ते अख्ख्या राज्याला लागू केलं, मुलींसकट. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असलं काही नव्हतं, गोखले त्यासाठी कौन्सिलात घसा कोरडा करत होते तरी झालं नाही. इथे मात्र कायदाच, पोर शाळेत नाही पाठवलं तर आईबापाला दंड. आणि दंड खरंच वसूल व्हायचे. ज्याच्याकडे एकच बैलजोडी आहे आणि राखायला एकच पोरगं, त्या अमरेलीच्या कुणब्याने महाराजांच्या नावाने बोटं मोडली असणार, आणि त्याचंही काही चुकलं असं मला म्हणवत नाही. पण त्या पोराचा हात धरून त्याला बैलांमागून उठवून पाटीसमोर बसवणाऱ्या राजाला ती बैलं, ते शेत, ते उठणं सगळं आतून माहीत होतं. त्यानेही पोराला विचारलं नाहीच.